राजवाड्याजवळचे सुगंधी तेलांचे दुकान : काय घ्यावे, काय फळीवरच राहू द्यावे

इंदूरमध्ये गेल्या काही वर्षांत घरगुती साबण, उटणी, चेहऱ्याची तेले आणि लहान काचेच्या बाटल्यांतली इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींतून काढलेली तीव्र वासाची तेले, विकणारी दुकाने बरीच वाढली आहेत. राजवाड्यापासून चालत जाता येईल अशा एका गल्लीतले हे दुकान त्यांपैकी मोठे, नीटनेटके आणि मराठी घरांच्या विशेष पसंतीचे आहे; राजेंद्रनगर आणि लोकमान्यनगरकडची मंडळी दिवाळीच्या आधी उटण्यासाठी येथे आवर्जून येतात. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण फळीवरच्या बऱ्याच बाटल्या दुसरीकडून भरून येतात आणि तसाच माल निराळ्या लेबलांनी शहरात इतरत्रही दिसतो. पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी झाल्यामुळे बाटली हातात आली की आधी तिची मागची बाजू वाचण्याची मला खोड आहे, आणि हे परीक्षणही मुख्यतः त्या मागच्या बाजूचेच आहे.

दुकान चालवणारा तरुण मराठी, बोलायला अदबशीर आणि मालाबद्दल मनापासून आस्था असलेला आहे. कोणती बाटली कुठून आली हे तो न कंटाळता सांगतो, आणि नको असलेली वस्तू गळ्यात मारत नाही. फक्त प्रत्येक शंकेवर त्याचे एकच उत्तर ठरलेले असते : "काकू, हंड्रेड परसेंट नॅचरल आहे, साइड इफेक्टचा प्रश्नच येत नाही." माझा आक्षेप याच वाक्याला आहे. बिब्बाही शंभर टक्के नैसर्गिकच असतो, आणि तो अंगावर उतला म्हणजे काय होते हे आपल्या घरांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तेल वनस्पतीतून आले की प्रयोगशाळेतून, यावरून त्वचा काही ठरवत नाही. त्यात कोणता घटक किती आहे, तो किती जुना आहे आणि अंगावर किती वेळ राहणार आहे, यावर सगळे अवलंबून असते.

गवती चहाचे उदाहरण घ्या. चहात टाकलेल्या चार पात्यांतून तेलाचा जेमतेम अंश उतरतो. तीच पाती वाफेवर ऊर्ध्वपातित करून काढलेले तेल मात्र साधारण सत्तर ते ऐंशी टक्के सिट्रल असते, आणि सिट्रल हा त्वचेला ॲलर्जी आणू शकणारा ओळखीचा घटक आहे. युरोपीय संघाने २००३ साली असे २६ सुगंधी घटक ठरवून त्यांची नावे लेबलावर छापणे सक्तीचे केले. सिट्रल, लिमोनीन, लिनालूल, जेरॅनिऑल, युजेनॉल ही नावे त्या यादीत आहेत, आणि ती सगळी आपल्या फळीवरच्या 'शुद्ध नैसर्गिक' तेलांतच सापडतात. २०२३ मध्ये ही यादी वाढवून ऐंशीच्या पुढे नेण्यात आली, आणि नव्याने बाजारात येणाऱ्या मालाला ती ३१ जुलै २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. त्या नियमातली एक बारीक गोष्ट मला फार उपयोगी वाटते. अंगावर राहणाऱ्या वस्तूत असा घटक ०.००१ टक्क्यापेक्षा अधिक असला तर नाव छापावे लागते, आणि धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक असला तर. साबण आणि क्रीम यांना दहा पटींचा फरक करून मोजले आहे. मीही या दुकानाचा माल याच क्रमाने पाहिला.

साबण आणि उटणे लवकर आटोपते घेता येईल. अंगावर मिनिटभर राहून पाण्याबरोबर जाणाऱ्या या वस्तूंबद्दल निरोगी त्वचेच्या मोठ्या माणसाने फार चिंता करण्याचे कारण नाही. येथले उटणे चांगलेच आहे : नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद ही नावे वासावरून खरी वाटतात, दळण बारीक आहे, आणि वरून घातलेले संत्र्याचे तेल बेताचे आहे. ज्यांना इसब आहे किंवा हाताच्या कातडीला चिरा पडल्या आहेत त्यांनी मात्र बिनवासाचा साबणच वापरावा, कारण तुटलेल्या त्वचेतून हे घटक अधिक सहज आत शिरतात.

खरी अडचण चेहऱ्याच्या तेलापासून सुरू होते. 'ग्लो' नावाने विकली जाणारी ३० मिलीची ही बाटली दुकानात सर्वांत अधिक खपते. लेबलावर बदाम तेल, जोजोबा तेल आणि त्यानंतर लिंबू, बर्गमॉट (लिंबू-संत्र्याच्या जातीचे एक सुगंधी फळ) व गोडे संत्रे यांची इसेन्शियल ऑइल अशी नावे आहेत. प्रमाण कशाचेच नाही. लिंबू आणि बर्गमॉट यांची तेले सालीतून थंड दाबाने काढली की त्यांत फ्युरोकौमारिन जातीचे पदार्थ उतरतात, आणि त्यांतला बर्गाप्टेन हा प्रमुख. अंगावर तेल असताना ऊन लागले की उन्हातल्या अतिनील किरणांमुळे हे पदार्थ पेशींच्या डीएनएला जाऊन चिकटतात. एक-दोन दिवसांत त्वचा भाजल्यासारखी लाल होते, कधी फोडही येतात, आणि लाली ओसरल्यावर उरलेला काळपट डाग महिनोन्महिने जात नाही. कोलन नावाच्या सौम्य अत्तरात बर्गमॉट वापरले जाई त्या काळी मानेवरून ओघळल्यासारखे असे डाग युरोपात इतके आढळत की त्वचारोगशास्त्रात त्यांना 'बर्लोक' असे स्वतंत्र नाव पडले.

'इफ्रा' ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना अंगावर राहणाऱ्या वस्तूंत दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलाची मर्यादा ०.४ टक्के आणि लिंबू तेलाची २ टक्के सांगते. ३० मिलीच्या बाटलीत ०.४ टक्के म्हणजे ०.१२ मिली, आणि एका मिलीचे साधारण वीस थेंब धरले तर दोन-अडीच थेंब. मी विचारल्यावर दुकानदाराने बाटलीत एकूण दहा-बारा थेंब जातात असे मोकळेपणाने सांगितले. तिन्ही तेले सारखी असतील तर बर्गमॉटचे चार थेंब झाले, म्हणजे एकट्या त्याचेच प्रमाण ०.६ टक्क्याच्या वर गेले; आणि उन्हात चटका देणारी दोन तेले एकत्र असतील तर त्यांचे परिणाम वेगवेगळे न मोजता बेरजेने मोजायचे असतात. गोड्या संत्र्याच्या तेलाला हा दोष नाही, ऊर्ध्वपातनाने काढलेल्या कागदी लिंबाच्या तेलालाही नाही, आणि फ्युरोकौमारिन काढून टाकलेले बर्गमॉट बाजारात मिळते. यांपैकी येथे काय वापरले आहे हे लेबलावर लिहिलेले नाही आणि दुकानदारालाही ठाऊक नव्हते. वर माहितीपत्रकात 'सकाळी अंघोळीनंतर लावा' अशी सूचना आहे! इंदूरच्या मे महिन्यातल्या उन्हात स्कूटरवरून कामाला जाणाऱ्या मुलीने हे तेल सकाळी लावणे म्हणजे डागाला आमंत्रण आहे. लावायचेच असेल तर रात्री लावावे आणि पुढचे बारा तास तरी ती जागा उन्हात येऊ देऊ नये. मला विचाराल तर ही बाटली घेऊच नये.

दुसरी तक्रार मालाच्या वयाची आहे, आणि ती ग्राहकाला डोळ्यांनी दिसू शकते. काउंटरवर वास घेण्यासाठी ठेवलेल्या टेस्टर बाटल्यांवर थेट पिवळे दिवे आहेत. बाटल्या हाताला कोमट लागतात. टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाच्या टेस्टरमध्ये तेल तळाला बोटभर उरले होते, वरची सगळी जागा हवेने भरलेली, आणि झाकणाच्या ड्रॉपरचे रबर तेलाच्या वाफेने फुगून इतके चिकट झाले होते की बोटावर काळा डाग उमटला. हा केवळ अस्वच्छतेचा मुद्दा नाही. लिमोनीन आणि लिनालूल हे घटक ताजे असताना त्वचेला फारसे छळत नाहीत. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनले की मात्र ते कडक ॲलर्जीकारक होतात. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी यावर बरीच वर्षे काम केले आहे. टी ट्रीचेही तसेच : जुने, हवा लागलेले तेल ताज्या तेलापेक्षा त्वचेला अधिक घातक असते. उजेड, ऊब आणि अर्धी रिकामी बाटली या तिन्ही गोष्टींनी हे बिघडणे वाढते, आणि काउंटरवर तिन्ही हजर आहेत. लिंबूवर्गीय तेले आणि टी ट्री उघडल्यावर वर्षभरात संपवावीत. चंदन, वाळा, पाचोळी ही तेले त्या मानाने पुष्कळ टिकतात. ड्रॉपरऐवजी थेंब पडणाऱ्या आतल्या बुचाची बाटली घ्यावी. येथे विक्रीच्या बाटल्यांना असे बूच आहे, हे नमूद करायला हवे. दोष टेस्टरपुरताच आहे. पण त्याच टेस्टरमधले तेल गिऱ्हाइकाच्या मनगटावर सरळ, काही न मिसळता लावून दाखवले जाते, आणि ते थांबले पाहिजे.

टी ट्रीबद्दल चौकशी केल्यावर दुकानदाराने जीसी-एमएस तपासणीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीचा, अहवाल मोबाइलवर दाखवला, याचे मला खरोखर कौतुक वाटले. इतर दुकानांत असे काही विचारले तर लोक तोंडाकडे पाहत राहतात. अहवालावरचा बॅच क्रमांक आणि माझ्या हातातल्या बाटलीवरचा बॅच क्रमांक मात्र जुळत नव्हता. असा अहवाल त्या बाटलीबद्दल काहीच सांगत नाही. 'थेरप्यूटिक ग्रेड' हा सोनेरी शिक्काही तसाच. अशी प्रत ठरवणारे कोणतेही सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय मानक नाही, विक्रेते तो शिक्का आपापला छापतात.

ओठांच्या बामबद्दल दोन वाक्ये पुरेत. त्यात दालचिनीच्या सालीचे तेल आहे आणि लावल्यावर ओठ चुरचुरून भरीव दिसतात, याची जाहिरात गुण म्हणून केली आहे. ही चुरचुर म्हणजे त्या तेलातल्या सिनॅमाल्डिहाइड या घटकाने ओठांच्या नाजूक त्वचेचा केलेला दाह आहे, आणि हा घटक ॲलर्जी आणण्यात अग्रेसर मानला जातो.

मला सर्वांत खटकली ती लहान मुलांची फळी. 'बाळ मालिश तेल, जन्मापासून' असे लिहिलेल्या बाटलीत तिळाच्या तेलाबरोबर निलगिरी, पुदिना आणि कापूर आहेत. गरम खोबरेलात कापूर विरघळवून छातीला चोळण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यामुळे या बाटलीत कुणाला काही वावगे वाटत नाही. पण कापूर त्वचेतून शोषला जातो, पोटात गेला तर फार थोड्या मात्रेतही लहान मुलाला झटके आणू शकतो, आणि निलगिरीच्या तेलाचीही तीच कथा आहे. अमेरिकेत अंगाला लावायच्या औषधांत कापूर ११ टक्क्यांच्या वर ठेवता येत नाही, आणि तेथे अशा औषधांवर दोन वर्षांखालील मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, असे लिहिलेले असते. पुदिन्यातले मेन्थॉल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावल्यास श्वास अडकू शकतो. बाळाच्या मालिशीला साधे खोबरेल किंवा तिळाचे तेल पुरते. वासाची गरज आपल्याला असते, बाळाला नसते. हे मी दुकानदाराला सांगितले, तेव्हा त्याने "आमच्या आजीपासून चालत आलंय, काकू" असे उत्तर दिले. आजीच्या वाटीत कापराची एक वडी असे आणि ती किती घालायची हे आजीच्या हाताला माहीत असे. या बाटलीत किती आहे हे ना त्याला माहीत, ना मला.

त्याच फळीच्या टोकाला गंधपुरा तेल आहे, गुडघेदुखीसाठी. हे तेल जवळजवळ सगळेच मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातला पदार्थ, असते. पाच मिलीच्या एका चमच्यात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो, म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या वीसपेक्षा अधिक गोळ्या. लहान मुलाने चमचाभर प्याले तर जीव जाऊ शकतो. असे असता त्याची बाटली, झाकण आणि आकार केसांच्या तेलासारखाच आहे, मुलांना न उघडणारे झाकण नाही, आणि 'पोटात घेऊ नये' ही सूचना भिंगाने वाचावी लागते. घरातल्या ज्येष्ठांपैकी कुणी रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिन घेत असेल तर हे तेल रोज चोळू नये, कारण ते त्वचेतून रक्तात उतरते आणि त्या गोळीचा परिणाम वाढवते. दुखऱ्या गुडघ्यांना या तेलाने बरे वाटते हे खरे आहे आणि मोठ्या माणसाने ते पातळ करून, बेताने लावायला हरकत नाही. पण ते घरात ठेवायचे तर औषधांच्या कपाटात, वरच्या खणात, कुलपात ठेवावे.

लेबलांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अखेरची तारीख एवढे तरी वेष्टनावर हवेच. या दुकानात बाहेरून भरून आलेल्या बाटल्यांवर हे सगळे आहे. दुकानातच तयार होणारी कोरफड जेल, गुलाबपाणी आणि 'ग्लो' तेल यांच्यावर मात्र दुकानाचा शिक्का आणि किंमत यापलीकडे फारसे काही नाही. कोरफड जेलवर 'प्रिझर्व्हेटिव्ह नाही, फक्त टी ट्री' असे अभिमानाने लिहिले आहे. ज्या वस्तूत पाणी आहे तीत जंतू वाढणार, आणि वासापुरते घातलेले टी ट्रीचे थेंब त्यांना रोखण्यास पुरत नाहीत. रोखण्याइतके घातले तर ते चेहऱ्याला सोसणार नाहीत. अशी जेल घ्यायचीच तर फ्रिजमध्ये ठेवून चार-सहा दिवसांत संपवावी, त्यापेक्षा कुंडीतले पान कापावे.

'शुद्ध गुलाब इसेन्शियल ऑइल, १० मिली, ३५० रुपये' ही पाटी वाचून मला हसू आले. एक किलो गुलाब तेलाला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. म्हणजे या बाटलीत निदान पंचवीस किलो पाकळ्या हव्यात, आणि राजवाड्यावर हारवाल्यांकडे एक किलो पाकळ्यांचा भाव विचारून पाहिला तर बाकीचा हिशेब आपोआप होतो. बाटलीतले ते काय असेल ते असो, वास छान आहे. रुमालाला लावावे, त्वचेला नको.

बिलाबरोबर एक छापील चिठ्ठी मिळते : 'वापरण्यापूर्वी हातावर लावून २४ तास वाट पाहा.' हेतू चांगला आहे, पण मुदत अपुरी आहे. चोवीस तासांत जळजळ कळते. ॲलर्जी कळेलच असे नाही. पहिल्यांदा संपर्क आल्यावर शरीराला तो घटक ओळखायला एक-दोन आठवडेही लागतात, आणि एकदा ओळख झाली की ती सहसा आयुष्यभर पुसत नाही. पुढे अत्तर, साबण, भांड्यांचे लिक्विड, जिथे तो घटक असेल तिथे पुरळ येतो. म्हणून नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावून पाहावी. खाज किंवा लाली दिसली तर थांबून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते पाठीवर पट्ट्या लावून दोन आणि चार दिवसांनी वाचतात आणि नेमका घटक सांगू शकतात. दुकानाने चिठ्ठीतला तो आकडा बदलला तरी बऱ्याच गिऱ्हाइकांचा त्रास वाचेल. मी सुचवले आहे. पुढच्या छपाईत बदलतो असे उत्तर मिळाले. टेस्टर दिव्याखालून हलवण्याचेही कबूल झाले आहे. बाळाच्या तेलाबाबत मात्र 'कंपनीला कळवतो' यापलीकडे काही हाती लागले नाही.

या दुकानातली मला खरोखर आवडलेली बाटली आहे रोशा तेलाची, म्हणजे ज्याला इंग्रजी लेबलांवर पामारोझा म्हणतात. हे गवत आपल्या निमाड आणि खानदेश भागातले. एके काळी त्याचे तेल परदेशी जाई आणि गुलाब तेलात भेसळीसाठी वापरले जाई. त्यात जेरॅनिऑल भरपूर असते, त्यामुळे वास गुलाबाच्या वळणाचा, आणि जेरॅनिऑल युरोपच्या यादीत असल्यामुळे हेही सरळ त्वचेवर लावायचे नाहीच. पण ते उन्हात चटका देत नाही, १५ मिलीला १८० रुपये ही किंमत खरी वाटते, बॅच आणि तारीख स्पष्ट छापलेली आहे, आणि बाटली गडद काचेची आहे. १०० मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात वीस थेंब टाकले की साधारण एक टक्का होतो. मोठ्या माणसाच्या अंगाला लावायला तेवढे पुष्कळ झाले, चेहऱ्याला त्याच्या निम्मे. उटण्याचे पाकीट आणि ही बाटली एवढे घ्यावे, आणि बाटली उघडाल त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवावी.